हात न लावता पंधरा मिनिटं

जावयाने मोटारसायकलची किल्ली हातावर ठेवली, तेव्हा उभे असलेले पावफेरे हळूच खुर्चीत बसले. लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत जावयाने त्यांना एक मफलर दिला होता, एक रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं होतं आणि दर भेटीत ‘बरं आहे ना?’ एवढे तीन शब्द दिले होते. त्या मानाने किल्ली म्हणजे फारच झालं.

“आठवड्यातून दोनदा सुरू करायची, बाबा,” जावई म्हणाला. “दहा मिनिटं चालू ठेवायची, बंद करायची. बाकी काही नको.”

“बाकी काय असतं त्यात!” पावफेरे म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकू आत वळल्या आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हर पिठाच्या डब्यामागे सरकवला. छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी तीनदा ऐकलं होतं. एकदा शिलाई मशीनबद्दल, एकदा गीझरबद्दल आणि एकदा व्याह्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल. व्याही अजून वेळ शेजारी जाऊन बघून येतात.

जावई सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला परगावी चालला होता. त्यांच्या इमारतीत गाडी उन्हात उभी राहायची, इथे पार्किंगवर छप्पर होतं. कारण एवढंच. पण निघताना लेक जिन्यात मागे रेंगाळली आणि बापाच्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबा, ही गाडी ते मला पुसूसुद्धा देत नाहीत. मित्र मागे लागले होते, आमच्याकडे ठेव म्हणून. कुणालाच दिली नाही, तुमच्याकडे दिली. कळलं ना?”

कळलं होतं. इतकं कळलं होतं की त्या दुपारी त्यांचा डोळा लागला नाही.

पावफेरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी चौतीस वर्षं काढली. पंप कुरकुरला की ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. सगळे गप्प राहत. मग डोळे उघडून ते म्हणत, “पाव फेरा.” कुठलासा नट पाव फेरा फिरवला जाई आणि पंप गुणी मुलासारखा चालू लागे. जगात काहीच फारसं बिघडलेलं नसतं, सगळं पाव फेऱ्याने चुकलेलं असतं, असं त्यांचं मत होतं. पंपघरातल्या लोकांनी त्यांचं नावच पावफेरे पाडलं. पुढे ते गल्लीत आलं, दुकानदाराच्या वहीत गेलं आणि नव्या पोस्टमनने तर पत्रपेटीवरच्या खऱ्या नावाखाली कंसात ते खडूने लिहून टाकलं. पावफेऱ्यांनी ते पुसलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या मोटारसायकलीची गोष्ट वेगळी होती. त्या काळच्या गाड्यांना कार्बुरेटर असे आणि त्यावर दोन स्क्रू असत, एक हवेचा आणि एक वेगाचा. सुट्टीच्या सकाळी गल्लीतला प्रत्येक कर्ता पुरुष आपापल्या गाडीशेजारी उकिडवा बसलेला दिसे. गाडी उभ्या उभ्या किती वेगाने धडधडावी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे प्रत्येक गाडीचा आवाज त्या त्या माणसासारखा असे. हेडमास्तरांची शिस्तीत वाजायची, टपाल कचेरीतल्या थोरल्या साहेबांची खाकरत यायची आणि शिंप्याची तर नाक्यावर आली की दर संध्याकाळी बंदच पडायची, कारण नाक्यावर त्याची मेहुणी राहायची. पावफेऱ्यांची गाडी संथ चाले, भरल्या पोटाच्या माणसासारखी. काकू तो आवाज ऐकून चहाचं आधण ठेवत, आणि गाडी जिन्याखाली येऊन थांबेपर्यंत चहाला उकळी येई. आता सगळ्या गाड्या एकाच आवाजात येतात. कोण आलं ते दार उघडल्यावर कळतं.

तर ती गाडी मागच्या वर्षी भंगारात गेली होती, आणि वर्षभर पावफेऱ्यांचे हात रिकामे होते.

पहिल्या बुधवारी ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खाली गेले. बटण दाबताच गाडी सुरू झाली आणि समोरच्या काचेत इंजिनच्या मिनिटागणिक फेऱ्यांचा आकडा उमटला, अठराशे. पावफेऱ्यांनी डोळे मिटले. वेग जास्त होता. उभी असलेली गाडी पळत असल्यासारखी धापा टाकत होती.

दोन मिनिटं झाली तोच सोसायटीचे सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ बघत हजर झाले. पार्किंगच्या खांबावर पाटी होती, ‘कोणतेही इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नये.’ ती पाटी सेक्रेटरींनी स्वतः रंगवली होती आणि आजवर तिचा भंग करायला कुणी मिळालं नव्हतं.

“जावयांनी दहा मिनिटं सांगितलीत,” पावफेरे म्हणाले.

“जावई कमिटीवर नाहीत,” सेक्रेटरी म्हणाले.

गाडी बंद करावी लागली. शनिवारी तेच झालं, पुढच्या बुधवारी तेच. म्हणजे गाडी पहिली दोन मिनिटं काय बोलते एवढंच पावफेऱ्यांनी तीनदा ऐकलं, आणि तेवढ्यावरून निदान केलं. तापलेल्या माणसाला दारातूनच बघून परत जाणाऱ्या डॉक्टरासारखं ते झालं, पण हे त्यांना फार उशिरा कळलं.

“अहो, बाकी काही नको म्हणालेत ते,” काकूंनी आठवण केली.

“कुणी आपलं मूल आपल्याकडे ठेवून गेलं आणि त्याला ताप आला, तर नुसतं बघत बसायचं?”

“तापाचं त्यांना फोन करून विचारायचं.”

“फोन करून सांगू, की तुम्ही एवढ्या विश्वासाने गाडी दिलीत आणि ती आमच्याकडे आजारी पडली?” पावफेऱ्यांनी पिठाच्या डब्यामागे लपवलेला स्क्रूड्रायव्हर बरोबर काढला.

पुढच्या दोन दुपारी, इमारत झोपलेली असताना, ते बॅटरी आणि वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन गाडीत कार्बुरेटर शोधत होते. तो नव्हताच. त्याच्या जागी एक नळी, दोन वायरी आणि एक काळा खोका होता. तळमजल्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर खिडकीतून म्हणाले, “ही फ्युएल इंजेक्शनची गाडी. हिला आत मेंदू असतो. पेट्रोल किती, हवा किती, ते तो ठरवतो.”

“आणि त्याचं चुकलं तर?”

“तर दुसरं मत घ्यायचं,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा सगळा व्यवसाय दुसऱ्या मतावर चालत असे.

तिसऱ्या दुपारी स्क्रू सापडला. नळीच्या पोटाशी, अगदी अडचणीत, आणि त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका. पावफेऱ्यांना भरून आलं. कारखान्यात कुणीतरी समंजस माणूस असला पाहिजे. वय झालेल्यांना चटकन दिसावा म्हणून त्याने खूण करून ठेवली होती. त्यांनी त्या अनोळखी माणसाचे मनोमन आभार मानले आणि पाव फेरा दिला. ठिपका मधोमध तडकला.

आकडा सोळाशेवर आला. त्या दिवशी पावफेरे जेवताना दोनदा आपणहून हसले.

शनिवारी गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. त्यांनी पाव फेरा परत दिला. बुधवारी ती बावीसशेवर गेली आणि तिथून वर-खाली, वर-खाली करू लागली, दम्याचा माणूस जिना चढावा तशी. पुन्हा पाव फेरा. समोरच्या काचेत इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला आणि तो काही केल्या जाईना.

“लक्षणं वाढली ना?” डॉक्टर खिडकीतून आनंदाने म्हणाले. “उत्तम. म्हणजे लागू पडतंय. आता मेंदूला विश्रांती द्या. बॅटरीची वायर काढून ठेवा दिवसभर.”

विश्रांतीने मेंदूला काय झालं कोण जाणे, पण काचेतल्या घड्याळात बारा वाजले. ते जुळवायला पावफेऱ्यांनी शेजारचं बटण दाबून धरलं. घड्याळ तसंच राहिलं आणि किलोमीटरचे मैल झाले. गाडी किती चालली आहे तो आकडा एकदम एक तृतीयांशाहून जास्त घसरला. जागची न हलता मोटारसायकल कित्येक महिने मागे गेली होती. पावफेरे पार्किंगच्या पायरीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं.

काकूंनी पाणी आणून दिलं. पावफेरे म्हणाले, “मी बाहेरून कमी करतो, तर तो मेंदू आतून वाढवतो. मी वाढवलं, की तो कमी करतो. आणि दोघांत मिळून गाडी मरायला टेकली आहे.”

“मग काय, घरात आता तुम्ही दोघं झालात,” काकू म्हणाल्या.

जावई यायला दहा दिवस उरले होते. ज्या मिस्त्रीने पंचवीस वर्षं त्यांची जुनी गाडी आपली मानली, त्याच्या टपरीत आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. उरलं ते कंपनीचं सर्व्हिस सेंटर. पावफेरे गाडी घेऊन निघाले आणि मागे काकू बसल्या, कारण यांना एकट्याला सोडायची त्यांची छाती नव्हती.

आता ही गाडी थांबली की बंद पडत होती. म्हणून सिग्नलला थांबल्यावर रेस देत राहणं भाग होतं. सहासष्ट वर्षांचे पावफेरे, गळ्यात मफलर, मागे हातात पिशवी घेतलेली बायको, आणि गाडी सिग्नलला उभी राहून वाघासारखी गुरगुरतेय. शेजारी येऊन थांबलेल्या पोरसवदा इसमाने त्यांच्याकडे पाहिलं, हसून आपलीही गाडी गुरगुरवली आणि मान तुकवून आव्हान स्वीकारलं. सिग्नल सुटला. तो बाणासारखा गेला. पावफेऱ्यांची गाडी दोन हात पुढे जाऊन बंद पडली.

“जाऊ दे, तुम्ही जिंकू दिलंत त्याला,” काकू मागून म्हणाल्या. त्यानंतर अर्धा रस्ता दोघांनी गाडी ढकलली.

सर्व्हिस सेंटरात थंडगार हवा होती आणि काउंटरवर एक नम्र मुलगी. तिने नंबर टाकला आणि मॉनिटरकडे बघत विचारलं, “गाडी मॅडमच्या नावावर आहे. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय, सांगता?”

मॅडम म्हणजे लेक. लेकीला कळणं म्हणजे तासाभरात जावयाला कळणं. “ओटीपीशिवाय नाही का होणार? मी तिचा बाप आहे.”

“गाडी तुम्ही वापरता का?”

“नाही, जावई वापरतात. मी सासरा.”

मुलीने खरोखरच यादी उघडून पाहिली. “मालक आहे, चालक आहे, प्रतिनिधी आहे. सासरा हा पर्याय सिस्टीममध्ये नाही, काका.”

“तो ओटीपी मागे घेता येतो का हो?” काकूंनी विचारलं.

“दहा मिनिटांनी आपोआप मरतो तो.”

त्या दहा मिनिटांत लेकीचा फोन आलाच. “बाबा, सर्व्हिस सेंटरचा कसला मेसेज आलाय?” पावफेऱ्यांनी उभ्या आयुष्यात लेकीशी खोटं बोलायची वेळ येऊ दिली नव्हती. ते गोंधळून म्हणाले, “गाडीत हवा भरायला आलो होतो.” “हवा भरायला ओटीपी?” “हल्ली फार कडक झालंय सगळं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि काकूंकडे बघायचं टाळलं.

फाटकाशी ते गाडी वळवत होते, तेव्हा मागच्या वर्कशॉपमधून हात पुसत एक मेकॅनिकबाई बाहेर आल्या. त्यांनी काही न विचारता गाडीचा आवाज ऐकला, मान एका बाजूला कलवून. पावफेऱ्यांना ती मान बघूनच धीर आला. त्यांनी सगळं सांगितलं, होमिओपॅथसकट.

“काका, रंगाचा ठिपका म्हणजे इथे फिरवा नव्हे. इथे फिरवू नका. ते सील असतं.” मग त्या थबकल्या. “पिवळा होता? असेल बाबा, हल्ली करतात काहीही.”

त्यांनी एक बटण दाबून मैलांचे किलोमीटर करून दिले. मग समजावलं. थंड गाडी सुरुवातीला मुद्दाम जास्त वेगाने चालते आणि पाच-सात मिनिटांत आपोआप चौदाशेच्या आसपास उतरते. तिला बरं करायला कुणी लागत नाही. “घरी जा. ठिपक्याचे दोन तुकडे भिंगाने बघून एकमेकांना जुळवा. मग गाडी सुरू करा आणि पंधरा मिनिटं कशालाच हात लावू नका. रेस नाही, स्विच नाही. ती स्वतःचं स्वतः शिकून घेते. बहुतेक जमेल.”

“आणि मी काय करायचं?”

“बसायचं.”

चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांना इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

ठिपका जुळला. पण पंधरा मिनिटं कुठून आणायची? रस्त्यावर गाडी लावावी तर दिवसभर तिथे ट्रक उभे. सेक्रेटरी म्हणाले, “अर्ज द्या.” पावफेऱ्यांनी अर्ज दिला, ‘जावयांची मोटारसायकल पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.’ कमिटी तीन जणांची होती. सेक्रेटरी, होमिओपॅथ आणि एक कायम परगावी असणारे गृहस्थ, ज्यांची सही कुरियरने येई. सेक्रेटरींनी सुचवलं, की दोन-दोन मिनिटं आठ वेळा चालवावी, म्हणजे नियमही राहील आणि एक मिनिट जास्तच मिळेल. डॉक्टरांना मात्रा विभागून देण्याची कल्पना तत्त्वतः पसंत पडली. पावफेरे त्या दोघांसमोर हात जोडून उभे राहिले. पाच हजार घरांचं पाणी ज्यांनी एका पंपावर तोलून धरलं, ते पावफेरे.

शेवटी परवानगी मिळाली. रविवारी सकाळी दहा वाजता, एकदाच, पंधरा मिनिटं, फाटक उघडं ठेवून, वाळूच्या दोन बादल्या शेजारी ठेवून, सेक्रेटरींच्या उपस्थितीत. जावई त्याच दिवशी संध्याकाळी येणार होता. वेळ जेमतेम होती, पण होती.

रविवारी दहाला अर्धी इमारत पार्किंगमध्ये जमली. पावफेरे स्टुलावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. काकूंनी बटण दाबलं आणि त्या चटकन मागे सरल्या, कारण नवऱ्याच्या हाताला बटणाची चव लागू द्यायची नव्हती.

अठराशे. मग सतराशे. चौथ्या मिनिटाला गाडी अडखळली.

“रेस द्या! रेस द्या थोडी!” चार दिशांनी सल्ले आले.

पावफेरे हलले नाहीत. सहाव्या मिनिटाला इंजिनच्या आकाराचा तो दिवा गेला. कुणीतरी टाळी वाजवली. नवव्या मिनिटाला आवाज इतका खाली गेला की आता बंद पडणार. पावफेऱ्यांचा उजवा हात मांडीखालून निघू लागला, तेव्हा काकूंनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात परत गेला. गाडी सावरली. बाराव्या मिनिटाला आकडा सोळाशेवर स्थिरावला. चौदाशे हवे होते. पावफेऱ्यांना कळेना, पण अजून तीन मिनिटं होती आणि शिकणाऱ्याला शेवटची तीन मिनिटं द्यावीत, असं त्यांना वाटलं.

चौदावं मिनिट संपता संपता उघड्या फाटकातून पाठीवर बॅग लावलेला जावई आत आला. ट्रेनिंग लवकर संपलं होतं आणि सकाळची बस मिळाली होती.

त्याने गर्दी पाहिली, मधोमध आपली गाडी पाहिली, वाळूच्या बादल्या पाहिल्या, आणि मांडीखाली हात घालून तिच्यासमोर बसलेले सासरे पाहिले. तो नेहमीसारखा सरळ गाडीजवळ गेला आणि सहा आठवड्यांनी भेटलेल्या मालकाने जे करावं तेच त्याने केलं. मूठ पिळली.

“हात लावू नका!” पावफेरे ओरडले.

असा आवाज त्यांनी चार वर्षांत काढला नव्हता. जावयाने विस्तवाला हात लागावा तशी मूठ सोडली. गाडी एकदा गुरगुरली, हिसका देऊन बंद पडली, आणि तो दिवा पुन्हा लागला.

“पंधरा मिनिटं पूर्ण,” सेक्रेटरी घड्याळ बघून म्हणाले. “परवानगी संपली.”

लोक पांगले. डॉक्टरांनी खिडकी लावून घेतली. काकू बादल्या उचलून वर गेल्या. पावफेरे पायरीवर बसले, जावई दोन पायऱ्या सोडून बसला, आणि पावफेऱ्यांनी सगळं सांगून टाकलं. स्क्रू, दिवा, मैल, ओटीपी, लेकीला मारलेली थाप, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, “तुम्ही विश्वासाने ठेवली होती. माझ्याच्याने तेवढंही झालं नाही.”

जावई बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत होता. मग म्हणाला, “बाबा, तो पिवळा रंग कारखान्याचा नव्हता.”

“मग?”

“हिच्या नेलपेंटचा आहे. चार महिन्यांपूर्वी मीच फिरवला तो स्क्रू, मोबाइलवर बघून. कारखान्याचं सील पांढरं होतं, ते उडालं. गाडी हिने हौसेने घेऊन दिलेली, हात लावणार नाही असं कबूल करून घेतलेलं. मग कपाटात पांढरी बाटली सापडली नाही, पिवळी सापडली.”

म्हणजे पावफेऱ्यांनी भिंग लावून, श्वास रोखून जे जुळवलं, ते मुळातच चुकलेलं होतं. सोळाशेचा उलगडा झाला. त्यांना हसू येणार होतं, पण जावई पुढे बोलत होता.

“मित्रांकडे ठेवली असती, तर आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं असतं. म्हटलं, तुमच्याकडे ठेवावी. तुम्हाला...”

“मला काय?”

“तुम्हाला कळणार नाही, असं वाटलं.”

ज्यांच्या कानाच्या भरवशावर गावाचं पाणी चालत होतं, त्यांच्याकडे ही गाडी बहिऱ्याकडे ठेवावी तशी ठेवली होती. सहा आठवडे ज्या गोष्टीला ते विश्वास समजत होते, जपत होते, जिच्यासाठी कमिटीपुढे हात जोडत होते, ती तिथे नव्हतीच. ते उठले. “जेवायला चला,” एवढंच म्हणाले. जेवताना भाजी वाढू का, नको, यापलीकडे कुणी बोललं नाही. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ताक वाढलं.

सोमवारी दोघं सर्व्हिस सेंटरला गेले, गाडी ढकलत. पावफेरे येणार नव्हते, पण एकट्याने ढकलवेना म्हणून त्यांना यावं लागलं. मधल्या चढावर जावयाचा दम गेला, तेव्हा त्यांनी हँडलची बाजू घेतली.

काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला आणि मेकॅनिकबाईंनी सांगितलं ते ‘सील तुटलेलं’ असं तक्रारीत लिहिलं. ओटीपी गेला. मिनिटाच्या आत जावयाचा मोबाइल वाजला. त्याने तो घेतला आणि घाबरण्याच्या भरात चुकून स्पीकर लावला.

“आज पुन्हा ओटीपी? त्या दिवशी बाबांची हवा, आज तुमचं काय? अहो, गाडीला काय झालंय? सील तुटलंय असं लिहून आलंय इथे. कुणी हात लावला? खरं सांगा, मला तुमचाच संशय आहे.”

जावई स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागला. ते सापडेना. रांगेतले लोक ऐकू लागले होते. काउंटरवरची मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली होती. पावफेऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा उंच, एवढा कमी बोलणारा माणूस, आणि आत्ता तो अगदी उघडा पडला होता.

त्यांनी हात पुढे करून मोबाइल घेतला.

“मी लावला गं,” ते म्हणाले. “स्क्रू मी फिरवला.”

मग पाच मिनिटं त्यांनी मोबाइल कानापासून वीतभर लांब धरून ठेवला. आतून वय, अक्कल, सांगितलेलं न ऐकणं आणि लोकांच्या वस्तू यांवर लेक बोलत होती, आणि पावफेरे मान डोलावत ‘हो’, ‘हो गं’, ‘चुकलंच’ असं म्हणत होते. जावई कुठेसा गेला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आला. तो त्याने त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी धरला आणि तसाच धरून उभा राहिला.

पावफेऱ्यांनी दोन घोट घेतले, घसा साफ केला.

“आणि हे बघ,” ते लेकीला म्हणाले, “त्यांना एका शब्दाने बोलायचं नाही. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही कळत नाही.”